किड्यांच्या घराचा नकाशा

सयाजीरावांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट अंदाजानं केली नाही. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी माल परत, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. निवृत्त झाल्यावर मोजायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा ते घरातल्या घरात दारं-खिडक्या मोजत फिरायला लागले. सून भूमिका म्हणायची, "अप्पा, एक दिवस माझ्या चपात्यांनाही टेप लावणार तुम्ही." आणि खरं सांगायचं तर एकदा लावलाही होता.

असा हा माणूस गेली दोन वर्षं एका साध्या गोष्टीत चुकत होता आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता.

चंदापूरच्या पुढं, आनेकलच्या वाटेवर त्यांचं शेत होतं. शेत आपलं म्हणायचं. चहूकडच्या टोमॅटोच्या आणि गुलाबाच्या वावरांचे प्लॉट पडले होते आणि मध्ये यांचं दीड एकर शिल्लक होतं. कितीतरी पिढ्या हे मराठी कुटुंब इथं नांदत आलेलं. घरात मराठी, बांधावर कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. जुनं घर पाडून मुलानं, अभिराजनं, दोन मजली नवं घर बांधलं. त्या चकचकीत घराच्या बाजूला दोन जुन्या इमारती मात्र तशाच उभ्या होत्या. एक गोठा आणि दुसरं किड्यांचं घर. किडे म्हणजे रेशमाचे. जाड मातीच्या भिंती, वर कौलं, वाकून शिरावं लागेल असं दार आणि भिंतीत जमिनीलगत ओळीनं विटेएवढी भोकं. अर्धी कौलं खाली आली होती. अभिराज म्हणाला होता, "घर आम्ही ठरवलं अप्पा, आता बाजूचं तुम्ही ठरवा."

सयाजीरावांनी कधीच ठरवून टाकलं होतं. गोठ्यात गाडी आणि किड्यांच्या घरात अक्का.

अक्का म्हणजे सकवारबाई, त्यांची पाच वर्षांनी थोरली बहीण. तेविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आली त्याच्या दुसऱ्या महिन्यात तिनं किड्यांच्या घराचा ताबा घेतला आणि पुढं तीसेक वर्षं तिथं तिचाच शब्द चालला. तंबाखू खाऊन आत यायचं नाही, अत्तर लावून यायचं नाही, पाय धुतल्याशिवाय तर नाहीच नाही. सयाजीरावांची बायको अभिराज चार वर्षांचा असताना वारली. ते पोरही अक्कानंच वाढवलं, आणि त्याच शिस्तीत. मग शेजारी टोमॅटोवर औषधं फवारायला लागले. वाऱ्यानं ते यांच्या तुतीवर यायचं आणि ती पानं खाऊन किडे मरायचे. लागोपाठ तीन पिकं गेली तेव्हा अक्कानं दाराला कडी घातली.

तिच्या साठ चंद्रिका आतच राहिल्या. चंद्रिका म्हणजे बांबूची मोठी चटई, तिच्यावर गोल गोल पट्टी फिरवलेली. पिकलेला किडा त्या पट्टीच्या आडोशाला कोष विणतो. अक्का दर हंगामाआधी त्या उन्हात घालायची, स्वतःच्या हातानं बांधायची. कडी घातल्यावरही वर्षातून एकदा ती त्यांना ऊन दाखवायचीच, आणि सयाजीराव मनातल्या मनात हसायचे.

जुनं घर पाडायची वेळ आली तेव्हा अक्का होसूरला लग्नाला गेली होती. सिमेंटची पोती ठेवायला कोरडी जागा हवी होती. दहा वर्षं वापर नाही, वाळवी लागतेय, असा विचार करून सयाजीरावांनी चंद्रिका फोडल्या आणि न्हाणीच्या चुलीला लावल्या. अक्का परतली तेव्हा हंड्याखाली शेवटची जळत होती. त्याच पाण्यानं तिनं अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी बांधकाम होईपर्यंत म्हणून ती शहरातल्या, म्हणजे इकडच्याच शिवाजीनगरला गेली. तिथं तिच्या दिराचा मुलगा फत्तेसिंग ताडपत्र्या शिवायचं दुकान चालवायचा आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचा.

गृहप्रवेशाला ती आली. दूध उतू जाताना बघितलं, देवापुढं नारळ ठेवला. केळीची पानं मांडली तेव्हा म्हणाली, "पोट भरलंय माझं," आणि शिवाजीनगरची बस धरली. त्या दिवसापासून नव्या घरचा एक घास तिनं तोंडात घातला नव्हता.

सयाजीराव दर पंधरवड्याला डबा घेऊन जायचे. आधी बसनं, मग मेट्रो झाल्यावर मेट्रोनं. डब्यात कधी डाळ-पालेभाजीचं बसारू, कधी होळिगे म्हणजे पुरणपोळ्या. अक्का हसून डबा घ्यायची, चहा करायची, विचारपूस करायची, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळं फत्तेसिंगच्या मुलांच्या ताटात वाढायची. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून घासून पुसून त्यात मूठभर साखर घालायची. दोन वर्षांत त्या साखरेनं सयाजीरावांची एक बरणी भरली होती. चहात ती घालायचा त्यांना धीर व्हायचा नाही.

बिचाऱ्या सयाजीरावांनी कोडं सोडवलं ते आपल्या पद्धतीनं. अक्काला स्वतःची जागा नाही म्हणून ती रुसली, तेव्हा जागा द्यायची. जागा नीट मापात दिली की माणूस त्यात बसतोच, अशी त्यांची चौतीस वर्षांची श्रद्धा होती.

नकाशा काढायला सुखदा आली. ही पुण्याची आर्किटेक्ट, महादेवपुऱ्यात राहणारी, अभिराजच्या ओळखीतली. तिनं गाडीतून उतरल्याबरोबर किड्यांच्या घराच्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काका, ॲक्च्युअली या भिंती सॉलिड आहेत हं. अठरा इंच! रूफ नवीन केलं की झालं."

"भिंती राहू देत की. आतलं सगळं बदला," सयाजीराव म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. वहीत सगळं होतं. न घसरणाऱ्या फरशा, धरून उठायला भिंतीला दांडे, खुर्चीसारखा संडास, पलंगाशेजारी घंटीचं बटण. दार सात फुटी. खाली टीप होती, जमिनीलगतची भोकं बुजवणे.

सुखदा वाकून त्या भोकांकडं बघत होती. "ही कशासाठी असतील? एकसारखी आहेत. मुद्दाम ठेवल्यासारखी."

"उगीच, सुम्ने ठेवलीत. उंदीर येतात त्यातनं."

"अक्कांना विचारलंत का?"

"त्यांना सांगायचं नाही काही," सयाजीराव गडबडीनं म्हणाले. "सर्प्राइज आहे."

सुखदानं एकदा त्यांच्याकडं आणि एकदा वहीकडं बघितलं. बोलावं की नाही, असा विचार तिनं केलेला दिसला, आणि मग पुणेरी असूनही ती गप्प बसली. नकाशावर वर काय नाव घालायचं, एवढंच तिनं विचारलं. सयाजीराव लाजत म्हणाले, "सकवार विश्रांती." त्यांनी त्या नावाची काळ्या ग्रॅनाइटची पाटीही कोरायला टाकली होती.

संक्रांत झाल्यावरचा शुक्रवार गुद्दली पूजेला ठरला. बांधकामाआधी कुदळीची पूजा करून पहिला घाव घालायचा, ही इकडची रीत. पहाटेच सयाजीरावांनी दोरी लावून चुन्याच्या रेघा मारल्या. कुठं पलंग, कुठं संडास, कुठं कपाट, सगळं जमिनीवर पांढरं उमटलं. अभिराज गाडी घेऊन शिवाजीनगरला गेला आणि 'छोटी पूजा आहे' एवढंच सांगून अक्काला घेऊन आला.

अक्का उतरली. सहासष्ट वर्षांची, काडीसारखी ताठ, नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी. तिनं अंगणातली कुदळ बघितली, चुना बघितला, भिंतीला टेकवलेली पाटी बघितली. तिला मराठी वाचायला वेळ लागायचा, शाळा कन्नड झालेली. तिनं एकेक अक्षर लावून पाटी वाचली आणि सुखदाकडं वळली.

"तू नकाशेवाली का गं? सांग बघू, इथं काय आहे?"

सुखदानं पायाखालच्या रेघांवरून तिला फिरवलं. हा पलंग, हा दांडा, हे घंटीचं बटण.

"घंटी कशाला?"

"म्हणजे... रात्री काही त्रास झाला तर."

"कुणाला?"

सयाजीराव पुढं झाले. "तुझ्यासाठीच केलंय गं अक्का सगळं. आता तू आराम करायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

अक्का भिंतीपाशी जाऊन उकिडवी बसली. जमिनीलगतच्या भोकांशी सयाजीरावांनी आदल्याच दिवशी सिमेंटचं घमेलं आणून ठेवलं होतं. "ही बुजवणार?"

"उंदीर येतात म्हणून..."

"सया!" ती उठली. गेल्या दोन वर्षांत तिनं आवाज चढवला नव्हता, तो सगळा जणू आज चढला. "तीस वर्षं या घरात मी खपले, आणि तुला ही उंदरांची बिळं वाटली? ज्वराच्या वेळी कोण उघडत होतं ही? तू का मी?"

सुखदानं हळूच अभिराजला विचारलं, "कुणाला ज्वर?"

"किड्यांना," अभिराज म्हणाला. अक्कानं वाढवलेलं पोर ते, त्याला सगळं पाठ होतं. "किडा कात टाकतो ना, त्याला आमच्याकडं ज्वर म्हणतात. डोकं वर करून तसाच बसतो, दिवसभर. खात नाही, हलत नाही. तेव्हा पान घालायचं नाही, हात लावायचा नाही. नुसता वारा द्यायचा. वरची खिडकी उघडायची, खालची भोकं उघडायची."

सयाजीरावांनी हे ऐकलं. त्यांना ते अठरा वर्षांचे असतानाची एक दुपार आठवली. अक्का बाजाराला गेलेली. तबकातले हजारो किडे डोकी वर करून निपचित. पोरांना भूक लागली असेल, अक्का विसरली असेल, म्हणून सयानं टोपलीभर कोवळी पानं त्यांच्यावर पसरली. केवढ्या प्रेमानं पसरली होती! संध्याकाळी अक्का आली तेव्हा पानांच्या ओल्या थराखाली निम्मे किडे गुदमरले होते. ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली होती, "सया, ते उपाशी नव्हते रे. त्यांना नुसतं राहू द्यायचं होतं. मला विचारायचंस की."

मला विचारायचंस की. आणि दोन वर्षं ते डबे घेऊन जात होते. बसारू आणि होळिगे, दर पंधरवड्याला, एकावर एक. एवढ्या खेपांत चंद्रिकांचं नाव त्यांनी एकदाही काढलं नव्हतं.

"अक्का," ते म्हणाले. मुलासुनेसमोर आणि त्या पुण्याच्या पोरीसमोर रडायची त्यांना भयंकर लाज वाटत होती, तरी ते बोलले. "अक्का, मी तुझ्या चंद्रिका जाळल्या. तुला न विचारता जाळल्या. चुकलो मी."

स्वयंपाकघराच्या दारात भूमिका हातात पळी धरून उभी राहिली.

अक्का भावासमोर येऊन उभी राहिली. मग तिच्या तोंडून जे निघालं, त्याचा कुणाला अंदाज नव्हता.

"खुळ्या, चंद्रिका मला लागणारच नव्हत्या. वाळवीच लागली होती त्यांना. तू विचारलं असतंस ना, तर मीच म्हटलं असतं, जाळ. एक दिवस बसून दोघांनी मिळून जाळल्या असत्या." तिनं पदरानं डोळे पुसले. "पण तू मला मोजलंच नाहीस की रे. एवढा टेप घेऊन फिरतोस, आणि माझ्याविना हिशेब पुरा."

सयाजीरावांनी पाय उचलला आणि चुन्यातला पलंग पुसला. मग दांडा पुसला, मग घंटी. पहाटे दोन तास खपून मारलेल्या सरळ रेघा त्यांनी चपलेनं फराफरा मातीत मिळवल्या आणि चुन्याचा डबा बहिणीपुढं धरला.

"तू आख. तुला काय पाहिजे ते."

"सरी, चालेल," अक्का म्हणाली. पण तिनं डबा घेतला नाही. पिशवीत हात घालून तिनं जुन्या कॅलेंडरचं एक घडी घातलेलं पान काढलं आणि सुखदाच्या हातात दिलं. पानाच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनानं काढलेला एक नकाशा होता. वाकडातिकडा, पण सगळा. मापं हातांत आणि वितींत लिहिलेली, कन्नड आकड्यांत.

"हे तुम्ही काढलंत?" सुखदाचे डोळे मोठे झाले.

"मग काय? शिवाजीनगरात बसून मी दोन वर्षं माशा मारत होते वाटतं? दर बुधवारी होसकोटेची बस धरते. तिथं एका बाईचं चॉकीचं घर आहे. अंडी उबवायची, पिल्लं दोन ज्वर पार होईतो सांभाळायची आणि मग शेतकऱ्यांना द्यायची. पुढचं मोठं काम त्यांचं. कोष नाही, चंद्रिका नाही. कोवळं पान बारीक चिरायचं आणि नजर ठेवायची. ते मला शंभर वर्षं जमेल."

"पण औषधं?" अभिराज म्हणाला. "फवारलेलं तुतीवर येतंय म्हणून तर बंद केलं होतंस."

अक्कानं चहूकडच्या प्लॉटांकडं हात फिरवला. "टोमॅटो आहे कुठं आता? मेला तो टोमॅटो. या दगडांवर कोण फवारणार? मागची तुती बघितलीस का? कुणी बघितली नाही तरी वाढलीय पुरुषभर. छाटली की पंधरा दिवसांत कोवळं पान."

सयाजीरावांनी मान वळवून तुतीकडं बघितलं. रोज सकाळी तिच्याशेजारून फिरायला जायचे ते. तिची उंची काही त्यांनी मोजली नव्हती.

मग अंगणात कामाला जी सुरुवात झाली, ती बघण्यासारखी होती. अक्का कोपर ते बोटाचं टोक असा हात लावत पुढं आणि सयाजीराव टेपनं त्याचे इंच करून सुखदाला सांगत मागं. मांडण्यांमध्ये तिच्या दोन हातांचं अंतर, कारण तबक काढताना कोपर मागं जातं. भोकं आहेत तशी, वर फक्त जाळी. दार वाकूनच शिरायचं राहील. "गरम वारा वरनं आत येत नाही त्यानं," अक्का म्हणाली, "आणि आत येणाऱ्यानं स्वल्प मान वाकवलेली बरी." उत्तरेच्या टोकाला तिची स्वतःची खोली, दहा बाय दहा, तिचं दार किड्यांच्या बाजूला उघडणारं.

"आणि धरून उठायला एक दांडा ठेव गं संडासात," तिनं सुखदाच्या कानाशी जाऊन सांगितलं. "गुडघा दुखतो माझा. त्याला सांगू नकोस."

सयाजीरावांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून वहीत लिहून घेतलं.

"आणि ही पाटी, काका?" सुखदानं विचारलं. ग्रॅनाइटवर 'सकवार विश्रांती' उन्हात चमकत होतं.

"पालथी घाल दाराशी," भावाच्या आधी अक्काच म्हणाली. "पाय धुवायला दगड लागतोच."

गुरुजी आले, पूजा झाली. पहिला घाव घालायची वेळ आली तेव्हा सयाजीरावांनी कुदळ उचललीच नाही, हात मागं बांधून उभे राहिले. अक्कानं पदर खोचला आणि असा घाव घातला की गुरुजी दोन पावलं मागं सरकले.

दुपार झाली. पूजेनंतर सयाजीराव तासभर स्वयंपाकघरात लुडबुडून आले होते. भूमिकानं नव्या घराच्या पडवीत केळीची पानं मांडली. अवरेकाळूचं म्हणजे ओल्या वालांचं सारू होतं, हंगामातलं, घरभर वास सुटलेला, आणि मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे. पानं किती मांडू, असं तिनं नजरेनंच सासऱ्यांना विचारलं. 'जेवून जा' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते, दोन वर्षं दर खेपेला येत होते तसेच. त्यांनी ते गिळले. अक्काकडं न बघता ते मोरीवर गेले आणि धुतलेलेच हात पुन्हा धुवायला लागले. नुसतं राहू द्यायचं. हात लावायचा नाही. एवढा वेळ हात धुताना त्यांना जन्मात कुणी बघितलं नव्हतं.

मागून पाटाचा आवाज आला. त्यांनी पायही धुवून घेतले. मग अक्काचा आवाज, किड्यांच्या घरातून पूर्वी यायचा तसा, साऱ्या शिवारात ऐकू जाणारा.

"सया! मुद्दे कुणी केले रे? नुसत्या गाठी झाल्यात."

ते ओल्या हातांनीच पळत आले. अक्का पानावर बसली होती. पानावर सारूचा ओघळ होता आणि मुद्दा अर्धा संपलेला होता.

"मी केले," सयाजीराव म्हणाले.

"वाटलंच," अक्का म्हणाली. "आण अजून एक."